तोंडापुढची फाईल

माझी बायको बहिरी झालीय, हे मी मानायला तयार नव्हतो. पिरंगुटला माझी प्रेसची शेड होती. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचो. एका मशीनवरून मी पाच मशीनवर गेलो, कोणाच्या बापाची मदत न घेता. त्यातल्या पहिल्या मशीनवर दहा वर्षं बायकोच बसली. घरी मात्र हाक मारली की ढिम्म. दारात टेम्पो थांबलेला कळतो, भांडं पडलेलं कळतं, आणि नवरा बोलला की "काय म्हनला?" याला मी सोंग म्हणायचो. तिच्या भावाच्या देखत म्हणायचो.

त्या सुमारास आमच्या तालुक्यातल्या एका विद्यापीठात, माणसाला बोललेलं कसं समजतं याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा निघाली. तिथल्या आवाजबंद खोलीचं दार नीट बसत नव्हतं, म्हणून तिथल्या बाई माझ्याकडे आल्या.

"दार बसवून देतो," मी म्हणालो, "पण आधी माझी बायको तपासायची. सोंग करते की नाही, तेवढं मला सांगायचं."

"आम्ही असे दाखले देत नाही हो."

"मग राहू द्या दार तसंच."

बाई कबूल झाल्या. अडलेला माणूस मला लगेच ओळखू येतो.

बायकोला त्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. मधे काच होती. टेपवर कोणी तरी एकेक शब्द म्हणत होता आणि ती भलतंच काहीतरी सांगत होती. "शेरातला हाय ह्यो. मला न्हाई समजत त्याचं," ती म्हणाली.

मी लगेच पकडलं. "बाई, मी वाचतो. बघू आता काय कारण काढते."

काचेसमोर माईक घेऊन बसलो. चूल. पायरी. कोयता. तिने सगळे शब्द बरोबर सांगितले. मी टेबलावर हात आपटला. "बगा! समदं ऐकू येतंय हिला. इतकी वर्सं मला येड्यात काढलं!" काचेपलीकडे ती हसत होती. आपण पास झालो असं तिला वाटलं असावं.

बाईंनी हातातली फाईल माझ्या तोंडापुढे धरली. "आता वाचा."

"विहीर."

पलीकडून काही नाही.

"खुरपं."

काही नाही. मग मी ओरडलोच. फाईलच्या कडेवरून दिसलं, तिने खांदे आखडून घेतले होते. "काय तरी वरडले," ती म्हणाली, "पर काय त्ये न्हाई कळलं."

बाईंनी तिला बाहेर आणलं, समोरासमोर बसवलं आणि सावकाश सांगितलं. मशीनच्या दणक्याने कान गेलेत, आवाज पोचतो पण शब्द उलगडत नाहीत, ती ओठांवरून ओळखते. "मशीनवर कानात काही घालत नव्हता का?"

"कापूस घालायची. ह्यांनी काढाया लावला."

लावला. सगळ्यांनाच लावायचो. कानात बोळे घातले की माझी हाक ऐकू जात नाही, आणि प्रेसवर हाक चुकली की हात जातो. माझ्या शेडमध्ये एकाचंही बोट तुटलेलं नाही. हे मी बाईंना ठणकावून सांगितलं. त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

"बोटं हायेत की," बायको म्हणाली आणि दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर नाचवले. "धाच्या धा."

परक्या बाईसमोर! मी तिला तिथेच काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, म्हणजे सगळं तिला कळलं.

दार मी बसवून दिलं, सुईएवढीही फट ठेवली नाही. शब्द बाईंनी मोडला. मी विचारलं होतं सोंग आहे की नाही. उत्तर मला द्यायचं होतं, तिला नव्हे. तिला शिकवायचं तर मुळीच ठरलं नव्हतं.

पूर्वी मी चिडलो की ती निदान माझ्याकडे बघायची. आता मी तोंड उघडलं की ती भिंतीकडे वळते आणि कणीक मळत बसते. फिरून समोर गेलो तर डोळे मिटून घेते. खांदा धरून हलवलं तरी उघडत नाही.