लिही, काही नाही

जॉकीकाका हसले, की त्यांना कुठंतरी दुखतंय असं आम्ही समजायचो. एरवी ते हसत नसत. चतकोर पोळी खाऊन उठायचे, किराण्याच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभं राहून गंभीरपणे स्वतःचं वजन बघायचे. पण जिना चढताना हसायला लागले, की आई शेकायची पिशवी भरायला घ्यायची.

माझ्या वडिलांचे ते धाकटे भाऊ. पणजोबा देवासच्या पागेत होते, एवढ्या भांडवलावर काका पोरवयात रेसकोर्सवर गेले आणि जन्मभर दुसऱ्यांचे घोडे पळवत राहिले. हसण्याचं कारण त्यांनीच एकदा सांगितलं. "बेटा, ट्रेनर सकाळी आधी आपलं तोंड बघतो. तकलीफ दिसली, की घोडा दुसऱ्याला."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. बी.कॉम. आहे, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. घरातला प्रत्येक फॉर्म माझ्याकडे यायचा. काकांना रेसकोर्सवर फॉर्म भरून देणारे पुष्कळ होते, तरी लायसन्स नवं करायचं असलं की ते कागद घेऊन देवासला यायचे. "परक्याच्या हातानं कशाला? आपल्या घरात ग्रॅज्युएट आहे," असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे.

त्या वर्षी आले ते सारखे हसतच होते. घोड्यावरून पडून खांदा मोडला होता. हाड जुळलं, दुखणं राहिलं. डॉक्टरांनी जबर गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या मेडिकलमधून मीच आणायचे. फॉर्ममध्ये विचारलं होतं, सध्या कोणतं औषध घेता? मी नियम वाचून दाखवला.

"काका, डॉक्टरांची चिठ्ठी लावून लिहिलं तर गुन्हा नाही."

"गुन्हा नाही, पण गोळी बंद होईपर्यंत घोड्यावर बसू देत नाहीत. तोवर माझे घोडे दुसरा घेऊन जातो."

"आणि लिहिलं नाही, न् तपासलं तर?"

ते हसले. "लिही, काही नाही."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात. गोळ्यांचं पाकीट तेव्हा माझ्याच पर्समध्ये होतं.

सीझनच्या पहिल्याच आठवड्यात लघवीचा नमुना घेतला, त्यात गोळी निघाली. चौकशीत तो फॉर्म पुढं ठेवला. गोळी घेतली याहून ती लपवली, हे जास्त भोवलं. वर्षभर लायसन्स बंद. त्या वयात वर्षभर घोड्यावर न बसलेल्या माणसाला परत कोण बोलावतो? अक्षर कुणाचं, असंही विचारलं म्हणे. इंग्रजीत सहीपुरतं येणाऱ्या काकांनी सांगितलं, "माझंच."

मग ते वरातीची घोडी धरून चालायला लागले. देवासात, कधी कन्नौदला. "भिया, जरा नचाओ ना घोडी को," असं कुणी म्हणालं की काका हसायचे. आता तपासणारं कुणी नव्हतं. मी गोळ्या आणायचं बंद केलं, तर ते दुसऱ्या दुकानातून मिळेल ती आणायला लागले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मूत्रपिंडं गेली तेव्हा दवाखान्यात भरती करताना नर्सनं फॉर्म दिला. नेहमीची औषधं कोणती? काका खाटेवरून म्हणाले, "लिही, काही नाही." या वेळी मी ऐकलं नाही. प्रत्येक गोळीचं नाव लिहिलं, दिवसातून किती वेळा, किती वर्षं. रकाना पुरला नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू वाचल्या आणि कागद शांतपणे फाइलला लावला.

काका मान वळवून त्या कागदाकडे बघत होते.

"एवढं लिहिलंस, बेटा," ते म्हणाले, "आता बसू देणार नाहीत."

आणि हसले.