गौरीसाठी बांधलेलं तळं

ज्यात गौरींचं विसर्जन व्हायचं तो गावचा तलाव बुजवून एका बिल्डरने पार्किंग केलं. त्याविरुद्ध मी पावणे गावात घरोघरी पत्रकं वाटत होते. एका अंगणात एक म्हातारी एकटीच विटांचं कमरेएवढं तळं बांधत होती. भाकरी थापावी तसा ओल्या सिमेंटवर तिचा तळवा फिरत होता.

"खणलं का नाही, मावशी?"

"खनला का खाडीचा खारा पानी लागतं. गवर पावनी हाय, तिला खाऱ्यान धाडू?"

गल्लीकडची कुंपणाची भिंत पाडून तिने तिथून तळ्यावर चढायला पायऱ्या केल्या होत्या.

"या कोणासाठी?"

"गावच्या सगल्या गवरींना."

"बिल्डरच्या घरचीही?"

"त्याची गवर कंदी तलाव बुजवाला गेली व्हती?"

मला ते अजून पटलेलं नाही. पण विसर्जनाला बिल्डरची बायको गौर घेऊन आली, तेव्हा पायरीवर तिला हात मीच दिला.