बावीस ढांगांची मॅट

हणमंत गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्यात गॅलरीत बसून मटार सोलत होतो. फोन त्याच्या मुलीचा, वैशालीचा होता. "काका, दादा गेले. सकाळी उसाला पाणी लावून आले, चहा मागितला आणि भिंतीला टेकले ते टेकलेच..." पोरगी धीराची आहे, आवाज कुठं कापला नाही. मी कसाबसा म्हणालो, "निघतो मी." तर ती म्हणाली, "या. पण सावकाश या, गुडघा सांभाळून." आणि काय सांगू, डोळ्यांतून पाणी वाहत असताना मला खुदकन हसू आलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं याचं काहीतरी बिनसलं. त्या गुडघ्याची एक गोष्ट आहे. हणमंताला जाऊन आता पाच आठवडे होत आले, तेव्हा ती सांगून टाकतो. त्याच्याविषयी मला जे काही सांगता येईल ते सगळं त्या एका गोष्टीत आहे.

आमचं गाव रहिमतपूरपासून कोसावर. हणमंत उसाच्या बागायतदाराचा मुलगा, मी शाळेतल्या शिपायाचा. दोघं एकाच बाकावर बसलो, एकाच विहिरीत पोहायला शिकलो आणि एकाच वर्षी मॅट्रिकला गणितात गटांगळ्या खाल्ल्या. तो फलंदाज, मी यष्टिरक्षक. सरावाला रोज त्याच्या पाठीमागे उभा राहून मला त्याचा चेहरा कमी आणि पाठ जास्त ओळखीची झाली होती. घाबरला की त्याचा डावा खांदा वर चढायचा, हे त्याच्या आईलाही माहीत नसेल. आमचं मैदान म्हणजे त्याच्या वडिलांनी ओढ्याकाठी पडीक ठेवलेला तुकडा. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, सारा गाव त्यांना आबा म्हणायचा. छावणीत त्यांनी साहेब लोकांचं क्रिकेट पाहिलं होतं, त्यामुळे खेळपट्टी आखायचा मान त्यांचाच. बावीस यार्ड म्हणजे बावीस पावलं, असं म्हणत त्यांनी छाती काढून एक-दो करत बावीस पावलं टाकली, दोन्हीकडे स्टंप ठोकले, विषय संपला. देवळाच्या झेंड्याची काठी कुठं रोवायची इथपासून विहिरीला कडं किती फुटाचं बांधायचं इथपर्यंत गावात आबांचं माप म्हणजे माप. उंब्रजचा कप्तान एकदा सामन्याआधी भीतभीत म्हणाला, "आबा, पीच जरा आखूड वाटतंय वो." आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बिचारा शून्यावर बाद झाला आणि परत त्यानं तो विषय काढला नाही.

आता मजा बघा. आमच्या मैदानावर आमच्या गोलंदाजांपुढं कुणी टिकायचं नाही आणि उंब्रजला, लोणंदला जाऊन आम्ही दर वेळी मार खाऊन यायचो. बाहेरगावी आमचे फलंदाज बॅट फिरवून मोकळे व्हायचे आणि चेंडू मागून सावकाश येऊन दांडी उडवायचा. याचं खापर आम्ही कधी लोणंदच्या पाण्यावर फोडलं, कधी उंब्रजच्या उन्हावर. खेळपट्टी मोजून बघावी असं सहा वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पंचाहत्तर-शहात्तरचा हिवाळा असावा. साताऱ्याहून हणमंताला पत्र आलं, जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी, तीन आठवड्यांनी, मॅटवर. आम्ही सगळं आयुष्य मातीवर खेळलेले. मॅटवर चेंडू उसळतो म्हणतात एवढंच ऐकून माहीत. हणमंताला त्या संघात जायचं होतं, आणि किती जायचं होतं ते मला त्याच्या डाव्या खांद्यावरनं दिसत होतं. तो घरात काही बोलला नाही, पण पत्र आबांनी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी ऊस तुटत होता तिथं आबा त्याला म्हणाले, "चटई पायजे न्हवं तुला? जा सांगलीला, आन. पर बैल निवडल्यागत निवड, नायतर आनशील भलतंच काय तरी." आणि स्वतः मैदानावर जाऊन, सऱ्या पाडायचा दोर या स्टंपापासून त्या स्टंपापर्यंत ताणून दोन्ही टोकांना गाठी मारून दिल्या. "ह्या मापानं कापून घ्या. दोन बोटं बी जास्त नगं."

रहिमतपूर स्टेशनातून पॅसेंजर धरून आम्ही सांगलीला उतरलो. हणमंताच्या खांद्यावर दोर, माझ्या हातात बॅट आणि चेंडू. बाजारात सुतळी, पोती, दोरखंड विकणारं एक मोठं दुकान होतं, मागं हळदीचं गोदाम. दुकानदार अण्णा म्हणून होते, गोल टोपी, कानात अत्तराचा फाया. त्यांनी मागच्या फरशीवर तीन मॅट उलगडून दाखवल्या. आणि हणमंतानं खरोखर बैल निवडल्यासारखी सुरुवात केली. चपला काढून अनवाणी चालला. गुडघ्यावर बसून उलट्या बाजूची वीण बोटांनी चाचपली, वास घेतला, एक दोरा उपसून दातानं चावून पाहिला. पहिली तागाची होती. मऊ, दिसायला देखणी, पण चेंडू टाकला की तिथंच बसायचा. "ही निजायला बरी," हणमंत म्हणाला. दुसरी कुठल्याशा क्लबात वापरून आलेली, मधोमध विरलेली. तिच्यावर त्यानं हात फिरवला आणि म्हाताऱ्या जनावराला थोपटावं तसं थोपटून बाजूला केली. तिसरी काथ्याची, कोरी, जाड, पायाला टोचणारी. तिच्यावर चेंडू टाकला तर तो टणकन उसळून अण्णांच्या टोपीवरनं गेला. हणमंत त्या मॅटवर उताणा झोपला, डोळे मिटले आणि मला म्हणाला, "सद्या... हीच रं."

अण्णा हसत होते. ते मोठी सुरी घेऊन आले. "दोर दे की इकडं. कुठनं कापायची?" दोर मॅटवर अंथरला. एक गाठ या टोकाला आली आणि दुसरी... मॅट अजून चांगली ऐसपैस पुढं उरलेली. अण्णांनी गज आणून मोजलं. "ही चटई बावीस याडाची हाय, कायद्यानं. तुमचा दोर अठरा याड आनि वर एक फूट. क्रिकेट खेळता का विटीदांडू वो तुमी?" हणमंत ताठ होऊन म्हणाला, "आमच्या आबांनी मोजलंय. बावीस पावलं." "आबा काय करत हुते?" "फौजेत सुभेदार." अण्णांनी सुरी खाली ठेवली आणि पोट धरून हसले. "मग बरोबर हाय की! फौजेतलं पाऊल तीस इंचाचं. माझा भाऊ हाय की फौजेत, घरातनं परसात बी त्याच मापानं जातोय. आनि याड असतोय छत्तीस इंचाचा. पावलामागं सहा इंच खाल्लं बघ तुझ्या बापानं."

बावीस पावलांचे सहा-सहा इंच मी बोटांवर मोजले. अकरा फूट! सहा वर्षं अख्खा गाव अकरा फूट कमी खेळपट्टीवर खेळत होता... हणमंत म्हणाला, "सद्या, पुऱ्या मॅटवर टाक बरं एक." पोत्यांची थप्पी हाच स्टंप. मी मॅटच्या पलीकडच्या टोकावरनं चेंडू टाकला. हणमंताची बॅट फिरली, खांद्यावर जाऊन थांबली, आणि मग चेंडू आरामात येऊन पोत्यावर आपटला. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. गोदामातून हळद निवडणाऱ्या बाया हात पुसत बघायला आल्या, हमाल डोक्यावरची पोती उतरवून उभे राहिले. अण्णा ओरडले, "पोरा, गाडी यायच्या आधीच फलाटावरनं उडी मारतोस की रं!" चेंडू हळदीच्या फरशीवरनं घरंगळून पिवळाधमक झालेला, हणमंताच्या पांढऱ्या विजारीवर त्याचे शिक्के. एक म्हातारी मॅटकडं बोट दाखवत म्हणाली, "नवरदेवाला हळद लागली बगा, आता नवरी कापू नगा." सगळे हसले. हणमंतही हसला. पण डावा खांदा वर चढला होता, कारण त्याला आता दोन गोष्टी लख्ख कळल्या होत्या. अशी बॅट घेऊन साताऱ्याला गेला तर तीन चेंडूंत घरी. आणि पुरी मॅट घरी नेली तर आबांना, ज्यांना उभ्या आयुष्यात कुणी चुकलात म्हणालं नव्हतं, त्यांना साऱ्या गावासमोर चुकलात म्हणायचं. अण्णांनी सुरी परत उचलली. "बोल. कापू?"

हणमंतानं त्या गाठीवर अंगठा फिरवला. मग त्यानं दोर गोळा केला, खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "नगं. हाय तशी बांधा."

परतीच्या गाडीत मॅट गार्डाच्या ब्रेकच्या डब्यात आणि आम्ही दारात. हा मनातल्या मनात बोलणं जुळवतोय. मी सुचवलं, "सांग की काथ्या ताणला म्हनून." "अकरा फूट ताणतोय व्हय रं गाढवा?" "मग सांग की दुकानदार फसवतोय, जास्त देतोय." त्यावर इतका हसला की पडता पडता राहिला. बैलगाडीतून मॅट मैदानावर पोचली तर आबा फौजेतला जुना कोट घालून उभेच होते, भोवती सगळा संघ. मॅट उलगडत गेली, पलीकडच्या स्टंपाला जाऊन अडली आणि तरी पुष्कळ गुंडाळलेली उरली. आबा म्हणाले, "ह्ये काय? दोर दिलावता न्हवं?" हणमंतानं दोर खांद्यावरनं काढून त्यांच्या पायाशी ठेवला. "आबा... बावीस याड येवढं असतंय. दोर आखूड हाय." बापापुढं मान वर करून तो बोलला ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

आबांनी दोराकडे पाहिलं, मॅटकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग पलीकडचे स्टंप स्वतः उपटले आणि मॅट शेवटपर्यंत उलगडायला लावली. या टोकाला येऊन उभे राहिले, धोतराचा काचा वर खोचला आणि मोजायला लागले. पण फौजेचं पाऊल नव्हतं ते! ओढा ओलांडावा तशा ढांगा टाकत होते. एक... दो... तीन... कोटाची बटणं ताणलेली, मिशा थरथरताहेत, दर ढांगेला तोल जातोय आणि तरी आकडा खणखणीत. शेवटच्या ढांगेला जवळजवळ उडीच मारली, टाच बरोबर मॅटच्या कडेला आणली आणि ओरडले, "बाईस!" मग धापा टाकत सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बरोबर हाय. पयल्यांदा मोजलं तवा माजा गुडगा दुकत हुता." आणि तिथंच स्टंप ठोकले. आधी मी हसलो, मग सगळा संघ, मग खुद्द आबा. हणमंत मात्र मॅटवर मटकन खाली बसला होता आणि हसतोय की रडतोय ते पाठीवरनं मला सांगता येईना. संध्याकाळी मॅट गुंडाळताना तो एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्यानं माज्यासाठी ढांगा टाकल्या गड्या."

तीन आठवडे आम्ही त्या मॅटवर पडून होतो. पिवळ्या चेंडूवर हणमंत थांबायला शिकला. साताऱ्याला पहिल्याच चेंडूवर त्यानं बॅट उचलली आणि थांबला... मी कडेला बसून बघत होतो. आखूड खेळपट्टीवर तयार झालेली ती नजर, तिला आता वेळच वेळ होता. चेंडू येतोय, येतोय, आणि हा घरी आलेल्या पाहुण्याची वाट बघावी तसा निवांत. निवड झाली. दोनतीन हंगाम तो जिल्ह्याकडनं खेळला, मग आबा थकले आणि यानं शेती धरली, त्याची कुरकुर कधी केली नाही. मी पोस्टात लागून पुण्याला आलो.

आबांचं वाक्य मात्र त्या घरात मुरलं. वैशाली बारावी झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं म्हणाली. हणमंत ठाम, "एकटी पोरगी पुन्यात न्हाई ऱ्हायची." दोन दिवस घरात नुसती भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी न्याहारीला भाकरी मोडता मोडता म्हणाला, "फारम भर. परवा न्हाई म्हनलो तवा माजा गुडगा दुकत हुता." आमटीत मीठ जास्त पडलं तरी शालनवहिनी, हणमंताची बायको, तेच म्हणायच्या. चुकलं म्हणायची आणि माफ कर म्हणायची त्या घरातली ती एकच रीत. हणमंत मला दर वर्षी गुऱ्हाळाच्या दिवसांत बोलवायचा, चांगला आठवडाभर ये म्हणायचा, आणि माझी दर वर्षी नवी सबब. यंदा मी म्हणालो, "गुडघा लय दुखतोय रे." सबबच होती ती. तो फोनवर इतका हसला... म्हणाला, "दुकू दे. दुकायचा थांबला की ढांगा टाकत ये." मी गेलो नाही. हे मला लागून राहिलंय आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

गेलो ते आता, तो गेल्यावर. मॅट कधीच विरली, तिचे तुकडे झाले. एक वासरांच्या खाली, एक खळ्यावर, एक त्याच्या बाजेवर, आणि शेवटचा हातभर तुकडा घराच्या उंबऱ्यापुढं, पाय पुसायला. फाटकात उतरलो आणि तो तुकडा दिसला. शालनवहिनी दारात उभ्या होत्या, मागं वैशाली. माझं पाऊल उचलेना. मग काय वाटलं कोण जाणे, पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, फाटकाला टाच लावली आणि मोजायला लागलो. साध्या पावलांनी निम्म्यावर आलो तेव्हाच कळलं की असं बावीसात बसत नाही. परत फाटकाशी गेलो आणि या वयात, पायजमा वर धरून, ढांगा टाकल्या. "आवं भावजी, पडाल की!" वहिनी ओरडल्या, पण शेवटी शेवटी त्याही तोंडावर पदर धरून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. शेवटच्या ढांगेला पाय त्या तुकड्यावर आपटला, काथ्या तळव्याला टोचला.

"बसलं का बावीसात?" वैशालीनं विचारलं.

"बसलं," मी म्हणालो. "आजवर आलो न्हाई... तवा माजा गुडगा दुकत हुता."