भट्टी आणि भिंतीमधली फट

लग्न होऊन मी भूमला आले तेव्हा सासरी खव्याचा धंदा होता. पायांवर उभी असलेली लोखंडी गॅसभट्टी भिंतीला अगदी खेटून होती आणि भिंतीपलीकडं दुधाचे कॅन ठेवायची खोली. उन्हाळ्यात दुपारचं दूध वरचेवर नासायचं. एकदा त्या खोलीत मी सहज भिंतीला हात टेकला आणि झटकन मागं घेतला. चटकाच बसला!

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. तापलेल्या वस्तूभोवती हवा कशी वाहते, हा धडा मी पाठ करून पास झाले होते. डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता.

सासऱ्यांना म्हटलं, "मामा, भट्टी भिंतीपासून जरा ओढू या का?"

"त्यानं काय व्हतंय?"

मी देवघरातून उदबत्त्या आणल्या. समोरच्या दारातून मागच्या खिडकीकडं वारा वाहत होता. त्यात उदबत्ती धरली. धूर भट्टीपाशी पोचला आणि बाहेरच्या अंगानं वळसा घालून निघून गेला. भिंतीकडच्या फटीत एक धागाही शिरला नाही.

"बघा, तिथली हवा हलतच नाही. सगळी धग भिंतीत जाते."

मामांनी गॅस बंद करून भट्टी निवू दिली आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली. दोघांनी ती हातभर पुढं ओढली. पुन्हा पेटवली. मी उदबत्ती धरली.

आता धुराच्या दोन वाटा झाल्या. एक बाहेरून, एक फटीतून. भट्टी ओलांडली की खिडकीच्या बाजूला त्यांचे भोवरे सुटायला लागले, एक डावीकडं, एक उजवीकडं, पुन्हा डावीकडं. पुस्तकातली आकृती माझ्यासमोर हलत होती! मी किंचाळलेच.

सासूबाई धावत आल्या. "भाजलं का गं?"

"नाही आत्या, भोवरे बघा, भोवरे!"

"लई येडी हाय," त्या हसल्या, पण वाकून बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी भिंतीवर तळहात ठेवला. कोमट. दूध संध्याकाळपर्यंत टिकलं.

मामांनी ही गोष्ट गल्लीत सांगितली असावी. दोन दिवसांनी शेजारच्या भट्टीवाल्या काकू दारात आल्या. "आमची भट्टी कोपऱ्यात हाय, दोन्हीकडून भिंती. येती का बघायला?"

दोन भिंतींमधे हवा कशी वळत असेल? पुढ्यातला चहा तसाच ठेवून मी चपला शोधायला लागले.