मिरजगावला शिकलेली पाइपची तंबाखू

लढाईमुळे नगरच्या कॅम्पातल्या दुकानात विलायती तंबाखूचे डबे यायचे बंद झाले आणि आमच्या घरातलं बोलणं थांबलं. माझे वडील, नाना, पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी पाइपात बिडीची तंबाखू भरून पाहिली, जीभ भाजून घेतली आणि मग दिवसदिवस खिडकीशी गप्प बसून राहू लागले. मी मुलींच्या शाळेत शिकवते. तिथली शिपाईणबाई मिरजगावची. ती म्हणाली, "आमच्या गावच्या ठकूबाई नुसतं हुंगून तंबाखूचं पान कुठलं त्ये सांगत्यात." शनिवारची रजा टाकून मी नानांना जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

सोलापूर रस्त्याची मोटार सकाळी सातला सुटते. पेट्रोल रेशनवर, म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालते. तिकीट माणशी सव्वा रुपया. चढावर उतारूंना उतरावं लागतं आणि काजळी उडते, तेव्हा पांढरं लुगडं नेसून जाऊ नका. वाटेत एका बाईकडे हरभऱ्याचा गरम हुळा मिळाला. नानांनी तो सगळा संपवला.

ठकूबाई साठीच्या. त्यांच्या तंबाखूच्या दुकानामागच्या छपरात पानांच्या जुड्या टांगलेल्या.

"गावठी पानाला पाइप काय कळणार?" नाना म्हणाले.

"आदी बगा, मंग बोला," त्या शांतपणे म्हणाल्या.

उन्हात वाळलेलं पिवळं पान चवीला हलकं, गोडसर. काळं पान ढीग घालून मुरवलेलं. ढिगात हात घातला तर चांगलाच गरम लागला. "लई तापला की उलटायचा, न्हाईतर पान कुजतं." तिसरं पान चुलीच्या धुरावर टांगलेलं, त्याला जळक्या लाकडाचा वास.

नानांनी घाईने स्वतःच मिश्रण केलं, निम्म्याहून जास्त काळं. दोन झुरक्यांत ते खोकून लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आता उठून चालू लागणार.

"माझं चुकलं, बाई," ते म्हणाले. "तुम्ही दाखवा."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते.

ठकूबाईंनी तीन मुठी पिवळं घेतलं, एक मूठ काळं, धुराचं जेमतेम चिमूटभर. वर गुळाच्या पाण्याचा शिपका. फडक्यात घट्ट बांधून म्हणाल्या, "घरी दगडाखाली ठिवा. आठ दिस सोडू नका."

"आजच एक पाइप…"

"न्हाई. येकमेकाची वळख व्हऊ द्या की पानान्ला!"

नाना चक्क हसले. रात्री देवळाच्या ओवरीत मुक्काम केला आणि सकाळच्या मोटारीने परत आलो.

आठ दिवस त्यांनी कसेबसे काढले. नवव्या सकाळी पाइप पेटवला. मी भाजी चिरायची थांबले.

"विलायतीसारखी नाही," ते म्हणाले. बराच वेळ ओढत राहिले. "पण ही वेगळीच चांगली आहे. काळं अजून थोडं कमी हवं. बाईंना विचारलं पाहिजे."

त्या सफरीतून घरी काय आलं, तर फडक्यातली तंबाखू आणि बोलते झालेले नाना. दुपारी ते स्वतः मोटारअड्ड्यावर जाऊन आले.

"पुढच्या शनिवारी जागा आहे," चपला काढता काढता म्हणाले. "तुला शाळा असेल, तर मी एकटा जाईन."