मिस्त्रींचा जिना

तीनशे वर्षांच्या त्या दगडी घराला मालकीणबाई ‘कॉटेज’ म्हणत आणि काकू ‘ते थेरडं’. शहरातली माणसं सुट्टीला पैसे मोजून तिथे राहतात, याचं काकूंना फार नवल. तुळईला डोकं आपटतं, खिडकी धड लागत नाही, आणि म्हणे किती छान! पण घर सांभाळायचं काम त्यांच्याकडे, म्हणून तोंडाला कुलूप लावून त्या पाहुण्यांच्या हाती किल्ली देत.

सकाळी चादरी-अभ्रे बदलायचे, दिवेलागणीला वरच्या खोलीतली शेकोटी पेटवून यायची. पाहुणे तेव्हा खाली चहा पीत बसलेले असत. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलं कोणीतरी हमखास हळूच विचारी, "काकू, काल संध्याकाळी जिन्यावर कोण होतं हो? एक पाय जोरात पडत होता, दुसरा घसटत येत होता."

"जुनं लाकूड आहे. कुरकुरतं," काकू सांगत आणि उशी बडवत राहत.

असं चालणारा माणूस एकच, त्यांचा नवरा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, काकूसुद्धा. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे पाय अधू झालेला. चढ-उतार आला की मिस्त्री मागून काकूंच्या खांद्यावर हात ठेवत आणि त्यांच्या पावलाबरोबर आपलं पाऊल टाकत. "तुमच्यापेक्षा गोगलगाय परवडली," काकू करवादत, पण चाल हळू करत. या घराचा जिना मिस्त्रींनीच नव्याने बांधला. शेवटची पायरी ठोकली, दम खायला तिच्यावर टेकले आणि तिथेच गेले.

काकूंना भीती वाटत नव्हती, राग येत होता. दोन दिवसांच्या परक्या पाहुण्यांना ऐकू येतं, आणि जिने जन्मभर संसार केला तिला नाही! घर रिकामं झालं की त्या चपला काढून तळच्या पायरीवर श्वास रोखून बसत. "अहो, एकदा तरी," असं पुटपुटत. सगळं चिडीचूप. उठताना गुडघे वाजत, तेवढाच आवाज.

मग मालकीणबाईंचा फोन आला. तक्रारी वाढल्या होत्या, आता तो जिना काढून लोखंडी बसवायचा. जिना गेला तर मिस्त्री येणार कुठे? काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, "सुतार यायच्या आदल्या दिवशी मला तिथे राहू द्या."

इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी घातलेल्या त्या बिछान्यात काकू निजल्या. कूस बदलली तर ऐकायचं राहून जाईल, म्हणून लाकडासारख्या पडून राहिल्या. उजाडलं तरी काही नाही. तेव्हा उशीत तोंड खुपसून त्या पोटभर रडल्या. "नका येऊ," म्हणाल्या. "माझ्यावर रुसलाय, दुसरं काय!" मग डोळे पुसले, चादरीची घडी घातली, चपला चढवल्या आणि जिना उतरू लागल्या.

मालकीणबाईंकडची किल्ली घेऊन सुतार आला होता. हातोडी खाली धरून तो जिन्याच्या तोंडाशी थांबला होता.

"सावकाश उतरा," तो म्हणाला. "काकाही येऊ देत खाली, मग सुरू करतो."

काकू थबकल्या. "कोण काका?"

"तुमच्या मागून येताहेत ते. वळणामुळे दिसत नाहीत, पण ऐकू येताहेत ना. पायाला त्रास आहे वाटतं त्यांच्या?" त्याने कान दिला. "तुम्ही थांबलात तसे तेही थांबले."

काकूंनी कठडा घट्ट धरला. इतकी वर्षं त्या ऐकण्यासाठी थांबत होत्या आणि त्या थांबल्या की मिस्त्रीही थांबत होते.

मागे वळून पाहावंसं वाटलं, पण त्यांनी पाहिलं नाही. फक्त डावा खांदा जरा खाली केला.

"हो," त्या म्हणाल्या, "त्यांना जरा वेळ लागतो."

उरलेल्या पायऱ्या त्या एकेक करत उतरल्या. दार सताड उघडलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि गोगलगायीच्या चालीने घरी निघाल्या.