लशीसाठी रुसवा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला जावयानं रुसायचं असतं. सासरे विनवण्या करतात, जावई अंगठी नाहीतर मोटरसायकल मागतो आणि मगच घास तोंडात घालतो. मी पाथरीचा शाळामास्तर. कोरोनात वरच्या हुकमानं गल्लोगल्ली ‘लस घ्या, लस घ्या’ ओरडून घसा बसवून घेतलेला. आणि झरीच्या माझ्या सख्ख्या सासऱ्यांनी एकही डोस घेतला नव्हता! त्यांच्यापुढं सरकारनं हात टेकले होते. रेशन बंद करू म्हणाले, तर “आमच्या घरी ज्वारी हाय.” पेट्रोल मिळणार नाही म्हणाले, तर यांनी बैलगाडी जुंपली. पथक दारात आलं, तर हा गडी तुरीत जाऊन बसला.

मग मीच रुसलो. ताटात करंज्या, पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि मी हाताची घडी घालून बसलेला.

“काय पाहिजे, जावईबापू? गाडी?”

“तुमी लस घ्या, मामा. न्हाई तर मी जेवत न्हाई.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सणाचा जावई उपाशी उठला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. मामा टोपी चढवून तरातरा दवाखान्यात गेले, टोचून आले आणि दोन दिवस तापात कण्हत मला शिव्या घालत राहिले. मी मात्र जाम खूश होतो. अख्ख्या तालुक्याला जमलं नाही ते मी एका पुरणपोळीवर करून दाखवलं होतं.

संक्रांतीनंतर हलव्याचे दागिने घालायला आम्हा दोघांना बोलावलं, तोवर दुसऱ्या डोसची वेळ झाली होती.

“एकदा घेतली, लय झाली,” मामा म्हणाले.

गळ्यात हलव्याचा हार, हातात नारळ, अशा अवतारात मी पुन्हा रुसलो. मामांनी शांतपणे ताट सासूबाईंकडं सरकवलं. “उचल. भूक लागली की मागतील.”

धाकाचं हे असं असतं. पहिल्यांदा माणूस घाबरतो, दुसऱ्यांदा त्याला त्या धाकाची किंमत कळलेली असते. माझी युक्ती संपली, आणि मला एकदम रडूच कोसळलं.

“माझ्या वडलांच्या वेळी लस निघालीच नव्हती, मामा. प्लास्टिकात बांधून दिलं त्यांना. तोंडसुद्धा बघू दिलं न्हाई. तुमी बी तसे गेलात तर? मला भ्या वाटतंय.”

डोळ्यांच्या पाण्यानं हार सदऱ्याला चिकटला. बायको सोडवायला आली, तिला मी हातानंच थांबवलं. मामा उठले, ताट पुन्हा माझ्यापुढं ठेवलं आणि खुंटीवरची टोपी घेतली.

“जेवा. मी टोचून येतो.” दारात ते थांबले. “हे दिवाळीतच बोलायचं होतं की. मी इतके दिवस समजायलो, जावई सरकारचं टार्गेट पुरं करायलाय.”